दाढ वाचणार की निघणार, हे खुर्चीवर बसण्याआधीच ठरतं

सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात दुखरी दाढ घेऊन गेलेला माणूस बऱ्याचदा दाढ काढूनच बाहेर येतो. काहींना वाटतं, डॉक्टरने कष्ट घेतले नाहीत. काही जण 'आपल्याला एवढंच मिळायचं' अशी मनाची समजूत घालतात आणि गप्प बसतात. मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत. दाढेचा निकाल खुर्चीवर लागतो खरा, पण त्यातला मोठा भाग त्याआधीच ठरून गेलेला असतो: किती पदं मंजूर आहेत, साहित्याचा दरकरार चालू आहे का, योजनेच्या यादीत काय बसतं, दवाखाना नेमका कोणत्या खात्याचा आहे. मुंबईतला हा कारभार एकदा समजला की कुठे जायचं हे कळतं आणि कुणाला जाब विचारायचा हेही कळतं.

आधी काढणं आणि वाचवणं यातला फरक बघू, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

दाढ काढायला भुलीचं इंजेक्शन, निर्जंतुक केलेली हत्यारं, थोडा कापूस आणि सरावलेला हात लागतो. साधी दाढ असेल तर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं आणि माणूस त्याच दिवशी मोकळा होतो. दाढ वाचवायची, म्हणजे रूट कॅनल करून आतली खराब नस काढून ती भरायची, तर आधी एक्स-रे हवा. एक्स-रेचं यंत्र घ्यायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाकडे त्याची नोंदणी करावी लागते. मग दाताच्या मुळातली नस साफ करायच्या बारीक फाइली लागतात. त्या झिजतात, मोडतात, पुन्हा पुन्हा मागवाव्या लागतात. आतून भरायचं औषध, वरून भरायचं सिमेंट आणि शेवटी कॅप. कॅप बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून आणायची असेल तर तिचा खर्च वेगळा. हे सगळं बहुधा दोन-तीन फेऱ्यांत होतं.

आता दवाखान्याच्या बाजूने विचार करा. यातली प्रत्येक वस्तू खरेदी खात्याच्या वाटेने येते. निविदा निघते, दर ठरतो, ठरावीक मुदतीचा दरकरार होतो. करार संपला आणि नवा वेळेत झाला नाही, तर डॉक्टर हजर असतात, खुर्ची चालू असते, पण भरायला सिमेंट नसतं. अशा वेळी डॉक्टरकडे तीन वाटा उरतात: साहित्य बाहेरून आणायला सांगणं, मोठ्या रुग्णालयात पाठवणं किंवा दाढ काढणं. खुर्चीचंही तसंच. तिला वीज लागते, पाण्याची लाइन लागते, सांडपाण्याचा निचरा लागतो, हवेच्या दाबासाठी कॉम्प्रेसर लागतो. कॉम्प्रेसर बिघडला आणि देखभालीचा वार्षिक करार नसला, तर लाखोंची खुर्ची नुसती बसायची खुर्ची होते. छोट्या भाड्याच्या गाळ्यात किंवा पोर्टा केबिनमध्ये दवाखाना उघडता येतो, पण तिथे दातांची खुर्ची बसवणं सोपं नसतं.

माणसांचा प्रश्न याहून नाजूक आहे. दंतवैद्याचं पद भरलं जातं, पण मदतनिसाचं पद आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, नसतं किंवा रिकामं राहतं. मग हत्यारं धुणं, निर्जंतुक करणं, नोंदी ठेवणं, रुग्णाला हाक मारणं हे सगळं दंतवैद्यालाच करावं लागतं. दिवसाला जेवढे दात वाचू शकले असते, त्यातले कितीतरी या कामांत जातात. त्यातून कामाचं मोजमाप ओपीडीच्या आकड्यावर होत असेल, तर एका तासात चार दाढा काढणारा डॉक्टर कागदावर चौपट काम करतो आणि त्याच तासात एक दाढ वाचवणारा मागे पडतो. असा तक्ता कुणी मुद्दाम रुग्णाच्या विरोधात आखत नाही. पण एकदा आखला की दाढ काढण्याच्या बाजूने तो रोज वजन टाकत राहतो.

दवाखाना कोणाचा?

मुंबईत सरकारी दवाखाना या एका नावाखाली निदान चार वेगवेगळे मालक आहेत. बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे केईएम, सायन, नायर, कूपर ही मोठी रुग्णालयं, उपनगरांतली रुग्णालयं, वस्त्यांमधले दवाखाने आणि २०२२ पासून सुरू झालेले 'आपला दवाखाना' आहेत. दातांसाठी पालिकेचं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, १९३३ पासूनचं. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. ते राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं. राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग हे तिसरं खातं. त्याचं जाळं जिल्ह्याजिल्ह्यांत दाट आहे, मुंबईत विरळ. चौथी कामगार विमा योजना (ईएसआय).

हा फरक जाणून घेतल्याने खिशात फरक पडतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. बातमी 'सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत' अशी पसरली. पण तो निर्णय त्या एका विभागापुरता होता. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयं त्यात नव्हती आणि महापालिकेची रुग्णालयंही नव्हती. म्हणजे जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या भावाला जे फुकट मिळालं, त्यासाठी मुंबईतल्या बहिणीला खिडकीवर पावती फाडावी लागू शकते. दोघांचंही खरं असतं. खिडकीवरच्या कारकुनाशी भांडून यातून काही निघत नाही, कारण दर ठरवणारा माणूस खिडकीवर बसत नाही.

पालिकेच्या आणि सरकारी महाविद्यालयांत दर खासगीच्या मानाने फार कमी असतात. पिवळं रेशनकार्ड असेल तर सवलतीबद्दल आधीच विचारावं. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात आणि गरीब रुग्णांसाठी पेटी निधी असतो. तिथवर पोहोचायचं तर 'मला परवडत नाही' हे स्पष्ट बोलावं लागतं, आणि आपल्याकडे बऱ्याच बायामाणसांना तेच जड जातं.

दंत महाविद्यालयात उपचार विद्यार्थी करतात आणि शिक्षक तपासतात. परीक्षेला बसण्याआधी विद्यार्थ्याला ठरावीक प्रकारच्या केसेस पूर्ण कराव्या लागतात, त्यामुळे त्याला रुग्ण हवाच असतो. म्हणून तिथे दात वाचवण्याचं काम खरोखर होतं, प्रत्येक टप्प्यावर वरिष्ठांची नजर असते, आणि 'शिकाऊ हात आहेत, नको' ही भीती बाळगायचं कारण नाही. एवढंच की वेळ जास्त लागतो, आणि परीक्षा, सुट्ट्या, तुकडी बदलणं हे सगळं मध्ये येतं.

वेळ जास्त लागतो याचा अर्थ कष्टकरी माणसासाठी काय होतो, ते सांगायलाच हवं. मानखुर्दला राहणारी, चार घरी धुणीभांडी करणारी एखादी बाई घ्या. सीएसएमटीला हार्बरची गाडी थेट जाते. मुंबई सेंट्रलला जायचं तर गाडी बदलावी लागते. नोंदणी सकाळी, म्हणजे तिच्या कामाच्या ऐन वेळी. एका फेरीचा एक खाडा. रूट कॅनलला तीन फेऱ्या धरल्या तर तीन खाडे, आणि तिसऱ्या खाड्याला एखाद्या घरचं काम सुटायची धास्ती. तिची शुगर वाढलेली निघाली तर दातांच्या ओपीडीतून तिला मेडिसिनच्या ओपीडीत 'उपचाराला हरकत नाही' असा फिटनेसचा दाखला आणायला पाठवतात. ती ओपीडी त्या दिवशी नसली, तर आणखी एक फेरी. केसपेपरला पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि तरी तिच्या हिशेबात तो सगळ्यात महागडा उपचार ठरतो. "डॉक्टर, काढूनच टाका" हे ती स्वतःच म्हणते. नोंदीत ही रुग्णाची इच्छा म्हणून जाते. तिला खरी निवड मिळाली होती असं मी म्हणणार नाही.

म्हणून दात वाचवायची सोय घराजवळ, संध्याकाळी उघडी असणं हा मला पैशांइतकाच मोठा मुद्दा वाटतो. 'आपला दवाखाना' योजनेत काही ठिकाणी पॉलिक्लिनिक, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर येतात अशी केंद्रं, आहेत आणि तिथे दंतवैद्याची सेवाही धरलेली आहे. आपल्या भागात असं केंद्र कुठे आहे, दंतवैद्य कोणत्या दिवशी येतात, फक्त तपासतात की दात भरूनही देतात, हे जाण्याआधी विचारून घ्या.

दिल्लीची योजना आणि मुंबईचा आराखडा

केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालय आणि त्याखालच्या पातळ्यांवर दंत विभाग उभे करायला तो मदत करतो. दंतवैद्य, हायजिनिस्ट (दात साफ करून देणारे सहायक), मदतनीस यांचं मानधन, खुर्ची, उपकरणं आणि लागणारं साहित्य असं त्याचं स्वरूप आहे. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. हा पैसा आपोआप येत नाही. राज्याला आधी आराखडा पाठवावा लागतो, त्याला पीआयपी म्हणतात. त्यात जे मागितलं नाही ते मिळत नाही, आणि मागितलेलंही सगळं मिळतं असं नाही. केंद्राने काय मंजूर केलं ते आरओपी नावाच्या कागदात असतं आणि तो कागद अभियानाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. २०२२ पासून हे आराखडे दोन-दोन वर्षांचे होतात. म्हणजे एकदा संधी हुकली की वाटही लांबते.

आता यातली अडचण. हा सगळा साचा जिल्हा, तालुका, प्राथमिक आरोग्य केंद्र अशा उतरंडीवर बेतलेला आहे. मुंबईत जिल्हा परिषदच नाही. इथे वॉर्ड आहेत, पालिकेचे दवाखाने आहेत आणि त्यावर उपनगरीय रुग्णालयं. शहरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आलं, तेव्हा मुंबईसह सात महानगरांत ते महापालिकांमार्फत राबवायचं ठरलं. त्यामुळे पालिकेचा स्वतःचा अर्थसंकल्प, अभियानाचा पैसा आणि राज्याची महाविद्यालयं हे तीन प्रवाह शेजारून वाहतात, पण रुग्णासाठी त्यांचा एक रस्ता झालेला नाही. वस्तीतल्या दवाखान्यातून राज्याच्या दंत महाविद्यालयात पाठवलेल्या रुग्णाची वेळ आधीच ठरलेली असावी, त्याचा कागद त्याच्या आधी तिथे पोहोचावा, हे तंत्र म्हणून अवघड नाही. दोन खात्यांनी मिळून ते ठरवावं लागेल, अडतं तिथेच.

आयुष्मान भारतखालच्या आरोग्य केंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या बारा सेवांत मौखिक आरोग्य आहे. पण 'सेवा आहे' याचा अर्थ तिथे खुर्ची आहे असा घेऊ नका. तिथे तोंड तपासणं, वेदनेवर औषध, ब्रश कसा करायचा ते शिकवणं आणि पुढे पाठवणं एवढी अपेक्षा आहे. तीही महत्त्वाची आहे, फक्त पुढची खुर्ची भरवशाची असली तरच.

कार्डावर काय बसतं

'आयुष्मान कार्ड काढलंय, पाच लाखांपर्यंत फुकट' असं ऐकून लोक दातांसाठी जातात आणि हिरमुसून परत येतात. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. ती दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही याच पठडीतली. साधी ओपीडी यांत बसत नाही, आणि दातांचं बहुतेक काम ओपीडीतच होतं. जबड्याचं हाड मोडलं तर पॅकेज आहे, तोंडाचा कॅन्सर झाला तर शस्त्रक्रियेचं आहे. दात किडला तर नाही. कीड वाढून गळू झालं, सूज मानेपर्यंत उतरली, माणूस दाखल झाला, की पैशांचं दार उघडतं. आजार लहान असताना खर्च कमी आणि वेदना कमी, तेव्हाच कागद हात वर करतो. ही रचना बदलायला हवी. निदान मुलांचं दात भरणं आणि वयस्कांची कवळी या दोन गोष्टी तरी यादीत याव्यात असं माझं ठाम मत आहे. कवळी नाही म्हणून भाकरी पाण्यात भिजवून खाणारी म्हातारी माणसं घराघरांत आहेत. त्यांचं जेवण कमी होतं, ताकद कमी होते, आणि कुठल्याच तक्त्यात हे आजारपण म्हणून नोंदलं जात नाही.

कामगार विम्याचं मात्र अनेकांना माहीतच नसतं. योजना लागू असलेल्या आस्थापनेत काम करणाऱ्या आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचं नाव त्यात असायला हवं. विम्याच्या रुग्णालयांत दातांचे विभाग असतात आणि कुटुंबालाही उपचार मिळतात. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, छोटे कारखाने इथे काम करत असाल तर पगाराच्या पावतीवर या विम्याची कपात दिसते का बघा. ती होत असेल तर हा हक्क तुम्ही दर महिन्याला विकत घेताय.

मुलांचे दात

देशभरातली मौखिक आरोग्य पाहणी २००२-०३ मध्ये झाली. त्यात ५ वर्षांच्या ५१.९ टक्के आणि १५ वर्षांच्या ६३.१ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. पाहणी जुनी आहे. पण अर्ध्याहून जास्त मुलांना एखादा आजार असेल, तर दवाखान्यात येण्याची वाट बघून चालत नाही, मुलं असतात तिथे जावं लागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम याच विचाराने आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो सुरूही आपल्याच पालघरमधून झाला. अंगणवाड्या आणि सरकारी, अनुदानित शाळांतल्या मुलांची त्यात तपासणी होते आणि दातांची कीड त्या यादीत आहे.

मुंबईत यातून एक मोठा घोळका निसटतो. वस्त्यांतले कितीतरी आईबाप पोटाला चिमटा काढून मुलांना छोट्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घालतात. गरिबी तीच, कीड तीच, पण शाळेचा प्रकार वेगळा म्हणून तपासणारं पथक तिथे जात नाही. हा नियम शाळेकडे बघतो. मुलाच्या घराकडे किंवा वस्तीकडे बघून पथकं पाठवली तर ही मुलं सापडतील.

आणि तपासून पुढे काय? चिठ्ठी मिळते, आईला सुट्टी मिळत नाही, चिठ्ठी दप्तरात राहते. इथे एक उपाय हाताशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडची टूथपेस्ट, दात भरायचं ग्लास आयनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड घेतलं. हे शेवटचं म्हणजे एक द्रव. किडलेल्या जागी लावला की बऱ्याच दातांत कीड वाढायची थांबते. ड्रिल नको, इंजेक्शन नको, खुर्चीही नको. शाळेच्या बाकावर काम होतं. लावलेली जागा काळी पडते, ते पालकांना आधी सांगून त्यांची परवानगी घ्यायला हवी. दुधाच्या दाढांसाठी बहुतेक आईबाप ते मान्य करतील असं मला वाटतं. तपासणारं पथक उपचार करूनच परतलं, तर चिठ्ठीची गरजच कितीतरी कमी होईल.

तोंडातला डाग

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ चघळायचा किंवा बिनधुराचा तंबाखू वापरणारे निघाले. यात मशेरी लावणाऱ्या आपल्या आया-आज्याही आल्या. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचं तोंड पाच वर्षांतून एकदा तपासावं असं सरकारी धोरण आहे. आशाताई किंवा आरोग्यसेविका घरी येऊन फॉर्म भरतात, त्यात तोंडातला न बरा होणारा व्रण, डाग, तोंड उघडायला त्रास हे विचारलेलं असतं. तो फॉर्म घाईत 'नाही, नाही' म्हणत भरू नका. केरळात तिरुवनंतपुरमला हजारो लोकांवर झालेल्या अभ्यासात, ज्याचा निष्कर्ष २००५ मध्ये आला, नुसतं डोळ्यांनी तोंड तपासल्याने तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले होते. टॉर्च आणि शिकलेली नजर, एवढ्यावर. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल तर दंत महाविद्यालयात दाखवा. तंबाखू सोडायची इच्छा असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

विचारायचं कसं

आपल्या भागातल्या दवाखान्यात दाढा फक्त काढल्या जात असतील, तर डॉक्टरला दोष देण्याआधी त्यांनाच विचारा, 'काय कमी पडतंय?' अनेक डॉक्टर मोकळेपणाने सांगतात, कारण दात वाचवायचं शिकून रोज काढत बसणं त्यांनाही बोचतं. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून नेमकं लिहा आणि गरज पडली तर पुढचे प्रश्न वेगवेगळ्या अर्जांत विचारा. दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मदतनीस यांची मंजूर पदं किती, भरलेली किती. गेल्या वर्षभरात किती दात काढले, किती भरले, किती रूट कॅनल झाले. साहित्याचा दरकरार कधीपर्यंत आहे. खुर्ची, कॉम्प्रेसर आणि एक्स-रे चालू आहेत का, बंद असतील तर कधीपासून आणि दुरुस्तीची मागणी कोणत्या तारखेला केली. अर्ज त्या रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यायचा आणि पोच घ्यायची. मुदतीत उत्तर आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करता येतं.